वाऱ्यापुढची दहा मिनिटं

गुरुवार, ८ जानेवारी

निवृत्त होऊन सात महिने झाले. एवढ्या दिवसांत या वहीत लिहिण्यासारखं काही घडलं नव्हतं. आज घडलं. सूनबाईचा फोन आला. "आई, माझ्या आईकडे जरा बघाल का? बाबा गेल्यापासून ती घराबाहेरच पडत नाही. फोनवर नुसतं हो-नाही करते. आम्ही एवढ्या लांब, आणि तुम्ही तिच्यापासून दोन गल्ल्या सोडून."

बघाल का म्हणजे काय? चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरची मुख्य सिस्टर होते मी. भलेभले सर्जन सुरी हातात घेण्याआधी माझ्या तोंडाकडे बघायचे. एका विहीणबाईंना उभं करणं मला जड आहे की काय!

तासाभरात त्यांच्या घरी पोचले. विहीणबाई खिडकीपाशी शिलाई मशीनवर बसलेल्या, बाजूला शाळेच्या गणवेशांचा ढीग. तीस वर्षं या बाई त्याच खुर्चीवर बसून पायाचं मशीन चालवतायत. व्यायाम म्हणून शून्य. व्याही होते तेव्हा संध्याकाळी त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करायला तरी चालत जायच्या. आता तेही नाही.

मी सरळ सांगून टाकलं, "रविवारपासून आपण दोघींनी सायकल चालवायची. माझ्या दातांच्या डॉक्टरणीची एक टोळी आहे, सगळे हौशी लोक, कुणी चाळिशीचे, कुणी साठीचे. लेकीची सायकल पडलीच आहे ना तुमच्याकडे?"

"मला जमेल का?" त्या म्हणाल्या.

"मी आहे ना!"

त्यांनी दातांनी दोरा तोडला, शर्ट घडी करून ठेवला आणि म्हणाल्या, "बरं." एवढंच. या बाईंना बोलतं करायला मला बरेच रविवार लागणार असं दिसतंय.

रविवार, ११ जानेवारी

आज अठरा किलोमीटर. जाऊन-येऊन. आणि माझ्या पायांना काही म्हणजे काही झालेलं नाही! आमचे हे गरम पाण्याची पिशवी तयार ठेवून बसले होते, ती त्यांनी शेवटी स्वतःच्या गुडघ्याला लावली.

मी पहिल्याच चौकात शिस्त लावून दिली. विहीणबाई पुढे, मी त्यांच्या मागे, दोघींच्या चाकांमध्ये हातभर अंतर. लक्ष ठेवायचं तर जवळ राहायला हवं. आणि मी एकसारखी बोलत राहिले. पेशंटला भूल चढेपर्यंत बोलत राहायचं ही माझी जुनी सवय, माणूस घाबरत नाही. थिएटरमधले किस्से सांगितले, वरच्या मजल्यावरच्या जोडप्याचं भांडण सांगितलं, यांनी पाहुण्यांसमोर साखरेऐवजी मीठ वाढलं तेही सांगितलं. विहीणबाई काही बोलल्या नाहीत, पण मान हलत होती. पोचल्या तेव्हा घामाने निथळत होत्या, तोंड लालबुंद. मी आपली कोरडी ठणठणीत. बसून काम करणारं शरीर आणि उभ्याने काम केलेलं शरीर, फरक पडायचाच.

टोळीचा एक नियम मात्र मला पटला नाही. चहाचा पहिला घोट घेण्याआधी प्रत्येकाने कबुली द्यायची: आज काय चुकलं, नाहीतर कशाची भीती वाटली. बढाई मारायची नाही. टोळीतला बेकरीवाला म्हणाला की मागून ट्रक आला तेव्हा तो घाबरून उतरून उभा राहिला. माझी पाळी आली तेव्हा मी खरं ते सांगितलं, की मला कशाचीच भीती वाटली नाही.

"काकू, कबुली नाही तर चहा नाही," डॉक्टरीण म्हणाली. ठीक आहे, नाही प्यायले. खोटं कशाला बोलू?

विहीणबाई म्हणाल्या, "घरी परत जायचं जिवावर आलंय." सगळे एकदम गप्प झाले. परतीच्या नऊ किलोमीटरचा धसका घेतला असणार बिचारीने. मी त्यांची पाठ थोपटली.

रविवार, २५ जानेवारी

बावीस किलोमीटर. विहीणबाईंमध्ये सुधारणा आहे. चढावर आता थांबत नाहीत. श्रेय कुणाचं हे मी लिहायला नको.

डॉक्टरीण मध्येच शेजारी येऊन म्हणाली, "काकू, एकदा तुम्ही पुढे येऊन बघा ना. पुढच्याला वारा कसा लागतो ते कळेल." मी म्हटलं, मला मागे राहायला हवं, माझं लक्ष असतं म्हणून त्या चालवतात. आणि वारा लागला तर लागला, साखर थोडीच आहे विरघळायला? ती हसत हसत निघून गेली. दातांच्या डॉक्टरांना उगाच दात काढायची सवय असते बहुतेक.

चहा आजही नाही.

रविवार, १ फेब्रुवारी

विहीणबाईंना गणवेशांची घाई होती, म्हणून एकटीच गेले टोळीबरोबर. फार वाईट दिवस. सायकल पुढे सरकेचना. बेकरीवाला, जो दर आठवड्याला माझ्या मागे असतो, तोसुद्धा हात हलवत पुढे गेला. नक्की चाकात काहीतरी बिघडलं आहे. शिवाय सकाळी यांनी केलेला नाश्ता जड झाला.

सोमवार, २ फेब्रुवारी

सायकल दुकानात नेली. मिस्त्रीने चाक फिरवून बघितलं, साखळी बघितली, ब्रेक बघितला. "बाई, सायकल मस्त आहे," म्हणाला. हल्ली लोकांना आपलंच काम येत नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी

घसा बसला. गेले चार दिवस तोंडातून शब्द फुटत नाही. हे म्हणतात घरात सुट्टी लागल्यासारखं वाटतंय. मी त्यांना नुसत्या डोळ्यांनी उत्तर दिलं.

आज विहीणबाई परत आल्या. माझी सायकलही पुन्हा सुतासारखी सरळ चालली. मिस्त्रीने न सांगता काहीतरी दुरुस्त केलं असावं. पण विहीणबाईंचं आज काहीतरी बिनसलं होतं. दर दोन मिनिटांनी मान वळवून मागे बघायच्या. "आहात ना?" मी घंटी वाजवायचे. वेगही मंद. दोनदा तर पाय टेकून थांबल्या. एवढी मेहनत घेतली, पण आत्मविश्वास म्हणून नाही बाईंना.

बुधवार, ११ फेब्रुवारी

मोठी बातमी. मार्चमध्ये टोळी दीपस्तंभापर्यंत जाणार. दोन दिवस, एकशे चाळीस किलोमीटर. मी दोघींची नावं लगेच दिली आणि सूनबाईला कळवलं, "तुझ्या आईला मी दीपस्तंभ दाखवून आणते." तिला इतका आनंद झाला की फोनवर रडायलाच लागली. मुलगा मागून विचारत होता काय झालं म्हणून.

अट एकच आहे. शेवटचे तीस किलोमीटर उघड्या माळावरून जातात आणि वारा समोरून असतो. सगळ्यांनी एका ओळीत जायचं, पुढच्याने दहा मिनिटं वारा अंगावर घ्यायचा, मग बाजूला होऊन शेवटी जायचं. ज्याला दहा मिनिटं पुढे राहणं जमणार नाही त्याला नेणार नाहीत, कारण मग त्याचं ओझं बाकीच्यांवर पडतं. बावीस तारखेला कालव्याकाठच्या रस्त्यावर परीक्षा. एकदा नाही जमलं तर पुढच्या रविवारी आणखी एक संधी.

मला काळजी आहे ती विहीणबाईंची. रोज संध्याकाळी जाऊन त्यांना धीर देणार आहे.

आमचे हे वर्तमानपत्रामागून म्हणाले, "आणि तुझं काय?"

"माझं काय म्हणजे?"

"काही नाही," म्हणाले, आणि पान उलटलं.

रविवार, २२ फेब्रुवारी

लिहायची इच्छा नाही. पण लिहिते.

कालव्याकाठी सरळसोट रस्ता, ना झाड ना भिंत. आम्ही सहा जणं. पहिली डॉक्टरीण, मग बेकरीवाला, तिसऱ्या विहीणबाई, चौथी मी. विहीणबाई पुढे गेल्या तेव्हा मी त्यांच्या चाकामागून ओरडत होते, "शाब्बास! खांदे सैल सोडा! फक्त सहा मिनिटं राहिली!" दहा मिनिटं त्यांनी सहज काढली. डॉक्टरणीची शिट्टी वाजली, त्या बाजूला झाल्या आणि मी पुढे आले.

बंद खोलीची खिडकी फाडकन उघडावी तसा वारा अंगावर आला. मी पाय मारत होते आणि सायकल जागची हलत नव्हती. आधी वाटलं ब्रेक लागलाय. खाली बघितलं, ब्रेक लागलेला नव्हता. छाती फुटायला आली, मांड्यांत पेटके आले. शेवटी हात वर करून बाजूला झाले. सगळी ओळ माझ्या शेजारून निघून गेली. कुणीही माझ्याकडे बघितलं नाही, चांगली माणसं आहेत.

चार मिनिटं आणि दहा सेकंद.

रस्त्याच्या कडेला बसले होते तेव्हा लख्ख कळलं. इतके दिवस हा वारा कुठे होता? विहीणबाईंच्या पाठीला अडत होता. घाम त्यांना का यायचा आणि मला का नाही यायचा. एक तारखेला माझं चाक का चालेना. आणि पायाचं मशीन तीस वर्षं चालवलेल्या बाईच्या पायांत काय बळ असेल, हे मला, सिस्टर म्हणवून घेणारीला, एकदाही सुचलं नाही!

टोळी परत आल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत? माझी मजा बघत होता? मी मागून शहाणपण शिकवतेय आणि तुम्ही पुढे बसून मनात हसताय?"

उत्तराची वाट न बघता मी सायकल उचलली आणि निघाले. आज सांगण्यासारखी कबुली होती माझ्याकडे, पण चहाला थांबले नाही.

सोमवार, २३ फेब्रुवारी

या वहीची मागची पानं वाचली. दोन-तीन फाडाविशी वाटली. यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" तर म्हणाले, "मला वाटलं तुलाही माहीत आहे. नसेल असं कसं वाटणार? तुला सगळंच माहीत असतं." आणि हे चेष्टेने म्हणाले नाहीत, तेच जास्त लागलं.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

सूनबाईचा फोन. आवाज अगदी लहान झालेला. "आई, तुमचं काही बोलणं झालं का? तिने दीपस्तंभाच्या यादीतून नाव काढून घेतलंय. परत नुसतं हो-नाही सुरू झालंय."

चार दिवस मी माझ्या नाकाची काळजी करत बसले होते. मला दीपस्तंभाला जाता आलं नाही तर काय होईल? चार लोक हसतील, आठवड्याने विसरतील. पण ती बाई आठ महिने त्या खुर्चीवर गोठून बसली होती, कशीबशी रस्त्यावर आली होती, आणि मी माझ्या रागापायी तिला परत तिथे नेऊन बसवलं. थिएटरमध्ये एखाद्या शिकाऊ सिस्टरने असं काही केलं असतं तर मी तिला दाराबाहेर उभी केली असती. मला माझीच लाज वाटतेय.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

गेले त्यांच्याकडे. मशीन बंद होतं. रेडिओ चालू होता, पण त्यावर कुणीतरी शेतीच्या पंपांविषयी बोलत होतं आणि विहीणबाई गणवेशाची बटणं लावत होत्या. ऐकत नव्हत्या, हे उघड दिसत होतं.

माफी कशी मागतात याची मला सवय नाही. उभ्या उभ्याच म्हटलं, "चुकलं माझं."

"बसा तरी," त्या म्हणाल्या. रेडिओ बंद केला. मग म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तुम्ही हट्टाने पुढे आला असता."

"आलेच असते!"

"आणि दम लागून तुमचं बोलणं बंद झालं असतं."

मला आधी कळेचना. "माझं बोलणं? अहो, लोक कंटाळतात त्याला. घरात विचारा."

"इथे कोण आहे बोलायला?" त्यांनी खोलीभर नजर फिरवली. एक पलंग, दोन खुर्च्या, व्याह्यांच्या दुकानातलं एक घड्याळ. "सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत हे घर मुकं असतं हो. रविवारी दोन तास कुणीतरी माझ्याशी बोलतं. उत्तर द्यावं लागत नाही, कसं वाटतंय असं कुणी विचारत नाही, नुसतं बोलतं. ते साखर-मिठाचं सांगितलंत ना, ते आठवून मी तीन दिवस हसत होते. त्याच्यासाठी थोडा वारा खाल्ला तर काय बिघडलं?"

मी रडले. लिहून ठेवते, कारण खरं आहे. चौतीस वर्षांत ड्यूटीवर कधी रडले नाही, आणि गणवेशांच्या ढिगाशेजारी हमसून हमसून रडले. त्यांनी मला एक शर्टाचा तुकडा दिला डोळे पुसायला.

मग मी म्हटलं, "नाव परत घाला. परवा मी पुन्हा परीक्षा देणार. पण मला भीती वाटतेय. दहा मिनिटं नाही जमायची माझ्याने."

त्यांनी बटण लावून संपवलं. "नाव घालते," म्हणाल्या. "उद्या लवकर झोपा."

रविवार, १ मार्च

दुपारचे तीन वाजलेत. पाय उशीवर ठेवून लिहितेय. सगळं क्रमाने लिहिते.

वारा मागच्या रविवारपेक्षा जास्त होता. आज पहिली मी. माझ्यामागे विहीणबाई, मग बाकीचे. शिट्टी वाजली. आज वेडीसारखे पाय मारले नाहीत, मान खाली घातली आणि मोजत राहिले. तीन मिनिटांपर्यंत बरं होतं. चौथ्या मिनिटाला मांड्या भरून आल्या, मागच्या वेळच्याच जागी. वाटलं, संपलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "त्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली होती."

विहीणबाई बोलत होत्या. समोरून एवढा वारा, त्यामुळे त्यांना ओरडूनच बोलावं लागत होतं. ज्या बाईचा आवाज मशीनच्या वर कधी गेला नाही, ती सगळ्या टोळीला ऐकू जाईल अशी ओरडत होती. "आतल्या खोलीतून हाक मारली! मी म्हटलं, एवढी बाही लावते आणि येते! सात मिनिटं लागली बाहीला! आत गेले, तर संपलं होतं! कुणाला सांगितलं नाही मी हे! लेकीलाही नाही!"

मला वळून बघता येत नव्हतं. मला ओरडून सांगायचं होतं, की बाई, मी असे पेशंट शेकड्याने बघितलेत, तुम्ही धावत गेला असता तरी हातात काही नव्हतं. एरवी मी ते पहिल्याच वाक्याला सांगून टाकलं असतं, आणि मग त्या गप्प झाल्या असत्या. पण तोंडातून हवेशिवाय काही निघेना. म्हणून मी पाय मारत राहिले आणि ऐकत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा नुसतं ऐकलं. त्या मध्येच रडत होत्या, नाक ओढत होत्या, आणि परत बोलत होत्या. आजारपण, त्यांचा चष्मा, उघडून ठेवलेली घड्याळं, ज्यांची गिऱ्हाइकं अजून दाराशी येतात. पाय दुखत होते, पण ते कुणा दुसऱ्याचे असावेत तसे दूर.

शिट्टी वाजली. दहा मिनिटं झाली होती! मागून बेकरीवाला ओरडला, "काकू, जिंकलात! बाजूला व्हा!"

मी बाजूला होणारच होते. पण विहीणबाई म्हणाल्या, "पण माणूस मोठा गमत्या होता हो!"

आणि त्या हसल्या. त्यांना हसताना मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. "मी तेव्हा शिंप्याच्या दुकानात कामाला होते! हे पँट घेऊन आले, म्हणाले इंचभर आखूड करा! करून दिली! आठ दिवसांनी तीच पँट घेऊन परत हजर! अजून लांब वाटते म्हणाले!"

मी बाजूला झाले असते तर ओळ बदलली असती, त्या पुढे गेल्या असत्या, आणि वाऱ्यात त्यांना बोलायला दम उरला नसता. डॉक्टरणीने पुन्हा शिट्टी वाजवली. मी वाजवू दिली.

"तिसऱ्यांदा आले!" विहीणबाई ओरडत होत्या. "मालक म्हणाला, अहो, घोटे दिसायला लागले! तर म्हणतात, उकडतं फार!" मागे सगळी ओळ हसत होती, बेकरीवाल्याची सायकल हेलपाटत असल्याचं ऐकू येत होतं, आणि माझ्या डोळ्यांतून वाऱ्याने की कशाने पाणी वाहत होतं ते मला सांगता येत नाही.

डॉक्टरीण म्हणते मी चौदा मिनिटं पुढे होते. असेन. चौथ्या खेपेला पँट गुडघ्यापर्यंत आली, तेव्हा कुठे मी बाजूला झाले.